दोन सत्कार आणि तीन बोटं

आमच्या न्हाणीच्या भिंतीला मी दर दिवाळीला चुना मारते आणि कार्तिक संपायच्या आत ती पुन्हा कत्थ्या रंगाची होते. सांगून पाहिलं, भांडून पाहिलं. शेवटी देवादिकांची चित्रं असलेल्या टाइल्स आणून लावल्या. म्हटलं, देवाची तरी लाज बाळगतील. कशाची लाज! आठवड्याभरात शंकराच्या गळ्यातला नाग तांबडा झाला. त्या टाइल्स मी माझ्या हातानं घासल्या, शंकराची माफी मागितली आणि गावातल्या पुरुषजातीबद्दल माझ्या मनात जी किळस बसली ती बसलीच.

मी मूळची सिंदी रेल्वेची. लग्न होऊन रोहण्याला आले. शिवणकाम करते. गावातल्या अर्ध्या बायांचे ब्लाऊज माझ्या मशीनवरून गेलेले आहेत, त्यामुळे कोणाच्या घरात काय चाललंय ते विचारायला मला बाहेर जावं लागत नाही. लिहिताना मी शाळेतली मराठी लिहिते, पण राग आला की ती कुठल्या कुठं जाते आणि आतली वऱ्हाडी बाहेर येते. हा सगळा मजकूर रागाचाच आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

विदर्भाबाहेरच्या माणसाला खर्रा म्हणजे काय ते सांगावं लागतं. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेलेवाला तो बराच वेळ घोटतो, मग पन्नीची पुडी करून वर एक रबर चढवतो. सकाळी तोंड धुतलं की खर्रा, वावरात गेलं की खर्रा, बारशाला खर्रा, मयतीला खर्रा. गालात ठेवून चघळत राहायचं आणि बोलायची वेळ आली की मान वर करायची, म्हणजे सांडत नाही. आमच्या मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, अर्धं आयुष्य असं आभाळाकडं पाहून बोलण्यात गेलं. नव्या पाहुण्याला वाटावं, माणूस मोठा देवभोळा आहे.

माझ्या लग्नाच्या बैठकीत माझ्या वडिलांनी एकच गोष्ट खोदून विचारली होती, पोरगा खर्रा खातो का. आमच्या ह्यांनी मान हलवून नाही म्हटलं. आणि खरंच, ह्यांचा गाल फुगलेला मी कधी पाहिला नाही. वास आलाच तर बडीशेपेचा. अख्ख्या घरात एक तोंड साफ मिळालं म्हणून मी बाकीच्यांचं निस्तरत राहिले. बायांमध्ये मी ते मिरवायचीसुद्धा. तुमचे थुकतात, आमचे नाही. हे वावरातून येताना खिशात रबर घेऊन यायचे, बियाण्याच्या पुड्यांना असतात म्हणून. माझ्या मुलीच्या वेण्यांना तेच लागायचे. दुकानातून रबर विकत आणायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

घरातलं चौथं मोठं माणूस म्हणजे माझे धाकटे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणते. सासूबाई गेल्या तेव्हा ते दहावीत होते, त्यामुळे त्यांच्या जेवणाखाण्याची, कपड्यालत्त्याची काळजी माझ्याच गळ्यात पडली. नात्यानं दीर, पण वागवलं मी लेकरासारखं. त्यांना फौजेत जायचं होतं. दुसरं काही त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. आर्वीच्या रस्त्यावर पायटीच, म्हणजे पहाटे, गावातली पोट्टी, म्हणजे पोरं, धावायची, त्यांत भाऊजी सगळ्यांच्या पुढं. शर्यत संपली की सगळे पुलाच्या कठड्यावर बसायचे आणि पहिलं काम काय, तर पुडी सोडायची. छाती भात्यासारखी चाललेली आणि गालात खर्रा. असले धावपटू जगात दुसरीकडं कुठं नसतील.

भरतीत दरवेळी काहीतरी आडवं आलं. एकदा पाय मुरगळला, एकदा लेखीत गेले, एकदा धावण्यात थोडक्यात राहिले. डॉक्टरी तपासणीपर्यंत एकदाही पोचले नाहीत. मग वय निघून गेलं. त्यानंतर दिवसभर स्टँडवरच्या पानठेल्यावर बसणं आणि मोबाइल पाहणं एवढंच राहिलं. घरी जेवायला यायचे तर पोळीचे चिमणीएवढे घास. भाजी तिखट नको. "वयनी, तोंड पोयते," म्हणायचे. आमच्या ह्यांचंही तेच. मी चिडवायची की तुम्हा भावाभावांची तोंडं सासूबाईंनी साखरेची घडवली का, वऱ्हाडात जन्माले आले अन् ठेचा नाही चालत! दोघंही गुमान हसायचे. त्यांच्यासाठी मी बिनतिखटाचं वेगळं काढून ठेवायची.

एक दिवस भाऊजींनी मोबाइलवर काहीतरी पाहिलं आणि त्यांच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. युरोपातला एक देश आहे, त्याच्या फौजेत एक भाग परदेशी पोरांचा आहे. कुठल्याही मुलखाचा माणूस चालतो, भरतीचं वयही आपल्यापेक्षा बरंच मोठं. पासपोर्ट घेऊन त्यांच्या दाराशी जाऊन उभं राहायचं. ते तपासतात, घेतलं तर पाच वर्षांचा करार, आणि नीट काढली तर पुढं त्या देशाचं नागरिकत्व मागता येतं. देशाचं नाव मी लिहीत नाही. त्यांनी आमचं काही वाकडं केलेलं नाही.

आमच्याकडं पाडव्याला सालदार ठरतो. वर्षभर मालकाच्या वावरात राबायचं, मालक सांगेल ते करायचं. मी म्हटलं, हे तर सालदारकीच झाली, अन् तीही पाच वर्षांची. इथं मालकाचा गोठा पेटला तर सालदार पळून आपल्या घरी तरी येतो. तिथं तुम्ही कुठं पळणार? ज्यांची भाषा कळत नाही, ज्यांची भांडणं कोणाशी ते माहीत नाही, त्यांच्यासाठी बंदूक उचलायची? मी सुई हातात धरूनच विचारलं, "भाऊजी, तिकडं कोणासाठी मरून राह्यले तुम्ही?"

त्यांनी मोबाइलवरून मान वर केली नाही. म्हणाले, "इथं कोणासाठी जगून राह्यलो, वयनी?"

मी सुई पुन्हा ब्लाऊजच्या काजात घातली.

मामाजींनी त्या संध्याकाळी घर डोक्यावर घेतलं. परक्याची चाकरी करते, बापाचं नाव बुडवते, गद्दार आहे, असं सगळं झालं. दुसऱ्या दिवशी ते ठेल्यावर गेले. तिथं चार जणांनी म्हटलं, वा, तुमचा पोरगा तर इंटरनॅशनल झाला. झालं! जेवायला आले तेव्हा छाती पुढं. आमच्या खानदानात मर्दानगी आहेच, आपल्या सरकारला कदर नाही तर गोऱ्यांना आहे, वगैरे. ज्या तोंडानं गद्दार म्हटलं, ते तोंड धुतलंसुद्धा नव्हतं. मी ताट वाढलं आणि आत निघून गेले. काही माणसांचं मत म्हणजे हातगाडीवरचा खर्रा असतो, ज्याच्या हाती पन्नी तो घोटतो.

व्हिसा मिळाला. फिरायला जातो म्हणून मिळाला, आणि त्यानंतर गावानं जे केलं ते आमच्याच लोकांना सुचू शकतं. अजून निवड नाही, तपासणी नाही, त्या दारात पाऊल ठेवलेलं नाही, आणि गावकऱ्यांनी सत्कार ठेवला. बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी! ग्रामपंचायतीसमोर मंडप पडला. फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर कोण्या गोऱ्या शिपायाच्या धडावर आमच्या भाऊजींचं मुंडकं, डोक्यावर परकी टोपी, मागं तिरंगा आणि खाली मोठ्या अक्षरांत 'देशाची शान'. मी सरपंचांना जाऊन विचारलं, कोणत्या देशाची? ते म्हणाले, वहिनी, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे.

शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. जे वक्ते आपल्या पोरांना रात्री एकटं वावरात पाठवत नाहीत, ते रक्त सांडण्यावर बोलले. आणि लाडूंचं ताट फिरलं त्याच्यामागोमाग दुसरं ताट आलं, त्यात खर्र्याच्या पुड्या रचलेल्या. ठेलेवाल्यानं आपल्यातर्फे भेट दिली होती. स्टेजवरच भाऊजींच्या हातावर पुडी ठेवली, तिकडं मिळणार नाही, खाऊन घे म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. खाली बसलेल्या प्रत्येक गालाला फुगवटा होता. भारतमातेचा जयघोष झाला तोही मान वर करूनच. मी बायांच्या बाजूला बसले होते. पदर नाकाला लावला, कारण वास यायला लागला होता.

खरं सांगायचं तर त्या दिवशी भाऊजींचा चेहरा मला बरा दिसला नाही. मंडपातून घरी येताना ते मला हळूच म्हणाले की आता नाही घेतलं तर कसं होईल. मी म्हटलं, परत या, घर कुठं पळून गेलं आहे. त्यांनी मान हलवली, पण फ्लेक्सकडं पाहून. सत्कार म्हणजे परतीचं दार बाहेरून लावून घेणं असतं, हे त्या शालीत गुंडाळलेल्या माणसाला सगळ्यांत आधी कळतं.

ते गेले. मी शंकरपाळे दिले होते करून. तिथं पोचल्याचा फोन आला, आत गेल्यावर फोन जमा करतात एवढं सांगितलं आणि मग काहीच नाही. मामाजी ठेल्यावर बसून रोज नवीन बातमी द्यायचे. आज त्याला बंदूक दिली, आज त्याला जंगलात नेलं. कुठून कळलं म्हटलं तर आभाळाकडं पाहायचे. निव्वळ फोकनाड, थापा. मी मात्र मशीनवर बसले की टाके चुकायचे. टीव्हीवर कुठल्याही लढाईचं चित्र आलं की चॅनल बदलायची. आमच्या ह्यांना विचारलं तर हे म्हणायचे, येईल फोन, आणि बाहेर निघून जायचे.

फोन आला तो माझ्या मोबाइलवर. भाऊजी म्हणाले, "वयनी, येऊन राह्यलो मी. नाई घेतलं. बाबाले आत्ताच सांगू नका." मी पहिल्यांदा देवाला हात जोडले. मग विचारलं कशात राहिले. ते म्हणाले, आल्यावर सांगतो.

दुपारच्या एसटीनं आले. मामाजी ठेल्यावर होते, हे वावरात, मुलगी शेजारी खेळायला. भाऊजी सरळ स्वयंपाकघरात आले आणि पाटावर बसले. मी भात वाढला, वरण वाढलं. त्यांनी एक घास घेतला आणि मग बोलायला लागले.

धावण्यात पास झाले होते. दोरीवर चढले, आडव्या दांडीला लटकून अंग वर खेचलं, त्या मोठ्या मोठ्या गोऱ्या-काळ्या पोरांच्या बरोबरीनं. डोक्याची परीक्षा झाली, तीही निघाली. मग डॉक्टर. एक वयस्कर बाई होती. तिनं खूण केली, तोंड उघड. भाऊजींनी उघडलं. तिला वाटलं, याला कळलं नाही. तिनं स्वतःचं तोंड आ करून दाखवलं. भाऊजींनी पुन्हा उघडलं. तेवढंच. तिनं तिसऱ्यांदा सांगितलं, मग हातमोजा घातला आणि बोट आत घालून गाल चाचपला. मग तिनं आपली तीन बोटं एकावर एक उभी धरली, स्वतःच्या दातांमधून आत घातली, काढली, आणि भाऊजींना म्हणाली, तू कर. एक बोट गेलं. दोन गेली. तिसरं दाताला अडलं.

भरतीला आलेला एक नेपाळी पोरगा होता, त्याला तिची भाषा थोडी यायची. त्यानं हिंदीत सांगितलं की बाई म्हणतात, गाल आतून लाकडासारखा झालाय, पांढरा पडलाय. हा फौजेचा विषय नाही. घरी जा, आधी दवाखान्यात जा, आणि जे चघळतोस ते आजपासून बंद कर, नाहीतर पुढं कॅन्सर होतो. तो पोरगा सांगत असताना बाईंनी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला होता.

भाऊजी एवढं बोलले आणि ताटाकडं पाहत बसले. "वयनी, तिचा हातमोजा पाह्यला मी. कत्थी झालता. तिले किळस नाई आली. मले आली."

ज्या तोंडात मी इतकी वर्षं घास घातले ते तोंड सातासमुद्रापलीकडच्या एका बाईनं पहिल्यांदा उघडून पाहिलं होतं. चिमणीएवढे घास, पोळणारं तोंड, सगळं आठवलं आणि आठवताना राग राग झाला. इथं त्यांना शाल दिली, नारळ दिला, गोऱ्याचं धड दिलं. तोंड उघड रे पोरा, असं कोणी म्हटलं नाही. मी त्यांना विचारलं, आता खाऊन राह्यले का? ते म्हणाले, विमानतळावर टाकून दिला उरलेला. मी म्हटलं, परवा मंगळवार आहे, पहिल्या एसटीनं वर्ध्याला जाऊ. ते हो म्हणाले.

पण मधे मामाजी होते. त्यांना संध्याकाळी सगळं सांगितलं, मीच सांगितलं, घुंगट न घेता स्पष्ट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठले, न्हाणीत जाऊन थुंकून आले आणि म्हणाले, हे कोणाला सांगू नका. रात्री जेवायच्या आत ठेल्यावर दुसरीच गोष्ट तयार होती. म्हणे त्या लोकांनी पोराला त्यांच्या झेंड्याला सलाम करायला लावला, अन् पोरगा म्हणाला, सलाम एकाच झेंड्याला, आणि लाथ मारून निघून आला. पडलो तरी नाक वर म्हणतात ते असं! आणि गावाला तर काहीतरी पाहिजेच होतं. सरपंच रात्रीच घरी आले. उद्याच, सोमवारी सत्कार. मातृभूमीसाठी परदेशी नोकरीवर पाणी सोडणारा सुपुत्र.

मी भाऊजींना म्हटलं, तुम्ही जाऊ नका, मी सांगते तुम्हाला ताप आला म्हणून. ते आपल्या हाताच्या बोटांकडं पाहत होते. मग म्हणाले, जातो.

तोच मंडप. तोच फ्लेक्स! नवा छापायला वेळ नव्हता, म्हणून परक्या टोपीवर कागदाचा भगवा फेटा चिकटवला होता. खाली 'देशाची शान' तसंच. तीच शाल असती तरी मला नवल वाटलं नसतं. तेच वक्ते, आणि या वेळी रक्त न सांडण्यावर बोलले. मामाजी पहिल्या रांगेत, डोक्याला फेटा, गालात गोळा. आर्वीच्या रस्त्यावर धावणारी पोट्टी मागं सतरंजीवर. आमचे हे मंडपाच्या टोकाच्या बांबूला टेकून उभे. मी बायांमध्ये, माझ्या मांडीवर मुलगी. आणि पुड्यांचं ताट पुन्हा फिरत होतं.

सरपंचांनी पेढा भरवायला घेतला. फोटोवाला समोर. भाऊजींनी तोंड उघडलं. पेढा ओठांशी थांबला. सरपंचांनी रेटला. तो दातांवर फुटला, अर्धा हनुवटीवरून नव्या सदऱ्यावर पडला. फोटोवाला म्हणाला, एक मिनिट, परत. दुसरा पेढा आणला. तोही फुटला. लोक हसायला लागले. लाजते लेकाचा, असं कोणीतरी म्हणालं. भाऊजींनी शालीच्या टोकानं तोंड पुसलं आणि सरपंचांच्या हातातून माइक घेतला.

"मले देशप्रेमानं वापस नाई आणलं," ते म्हणाले. "माझं तोंड उघडत नाई, म्हणून त्यायनं हाकललं. खर्र्यानं झालं. तुम्ही सारे आपआपली तीन बोटं अशी उभी धरा, अन् तोंडात घालून पाहा."

आणि त्यांनी करून दाखवलं. दोन बोटं आत, तिसरं दाताला अडलेलं, तसेच उभे राहिले.

कोणी ओरडलं नाही, कोणी हुर्यो केली नाही. सगळ्यांचे गाल भरलेले होते. बोलायला आधी थुंकायला पाहिजे होतं. मामाजी माइक हिसकायला उठले, पण तोंडातला गोळा तसा घेऊन बोलता येईना, म्हणून आधी मंडपाच्या कडेला गेले. अख्खं गाव त्यांचं थुंकून व्हायची वाट पाहत होतं. तेवढ्यात सतरंजीवरच्या एका पोट्ट्यानं हसत हसत हात तोंडाकडं नेला. मग शेजारच्यानं. पहिल्याची बोटं गेली, तो फुशारकीनं इकडंतिकडं पाहायला लागला. दुसऱ्याची नाही गेली. त्यानं हात काढला, बोटं सदऱ्याला पुसली, पुन्हा घातली. मग त्या रांगेत हसणं बंद झालं. बाया आपापल्या नवऱ्यांकडं, पोरांकडं वळून पाहायला लागल्या.

मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. पाहा म्हटलं, पाहा आता एकमेकांची तोंडं. मी मोठ्या तोऱ्यानं आमच्या ह्यांच्याकडं पाहिलं. या सगळ्या घाणीतलं माझं एक साफ तोंड! मी त्यांना लांबूनच तीन बोटं दाखवली आणि खुणावलं, करून दाखवा ना यांना.

ते खाली पाहत होते. हात खिशात.

मी मुलीला शेजारणीजवळ दिलं आणि उठून त्यांच्यापाशी गेले. बायांमधून उठून पुरुषांच्या बाजूला जाणारी मी त्या दिवशी एकटीच होते. मी म्हटलं, "लावा." ते हलले नाहीत. मी पुन्हा म्हटलं, "लावा नं." मग त्यांनी हात काढला. खिशातून हाताबरोबर एक रबर बाहेर आला आणि पायापाशी पडला. दोघांनीही तो पाहिला. त्यांनी तीन बोटं उभी धरली आणि तोंडाशी नेली.

दोन गेली.

"अडते," ते म्हणाले.

मंडपात मामाजींना एव्हाना माइक मिळाला होता आणि ते पोराच्या डोक्यावर परदेशात परिणाम झाला असं काहीतरी सांगत होते. सरपंचांनी आभार मानायची घाई केली. मी मुलीला घेतलं आणि घरी आले. किती पुड्या, किती वर्षं, कोणत्या वावरात, कोणत्या बांधावर, मी काही विचारणार नव्हते. बडीशेप कोणत्या खिशात असायची ते मला माहीत होतं.

भाऊजी घरी आले, सदऱ्यावरचा पेढा धुऊन टाकला आणि ओट्यावर बसले. हे त्यांच्याजवळ जाऊन बसले. मी आतून सांगितलं की उद्या पहिल्या एसटीनं दोघांनाही यायचं आहे, आणि बिनतिखटाचं वरण चुलीवर ठेवलं.

वरण उकळेपर्यंत मी मुलीला समोर घेतलं आणि तिच्या वेण्या सोडल्या. एका वेणीचा रबर निघाला, दुसरीचा निघाला. तिच्या कंगव्याच्या डब्यात आणखी होते, मूठभर, लाल, पिवळे, हिरवे. मी ते सगळे चुलीत टाकले. घाण वास सुटला. ब्लाऊजच्या कापडाच्या उरलेल्या चिंध्या फाडून मी तिच्या वेण्या बांधायला लागले. तिनं मागं वळून चुलीकडं पाहिलं. तिला काही वाईट वाटलेलं दिसलं नाही.

"जाऊ दे आई," ती म्हणाली. "बाबा उद्या आणतीन नवे."